'पुट ऑफ'च्या पुढचा 'टिल'



घरी बोलायच्या इंग्रजीतले या महिन्याचे क्रियापद आहे 'पुट ऑफ'. 'पुट' म्हणजे ठेवणे, हे लहान मूलही सांगेल. पण त्याला 'ऑफ' जोडला की अर्थ बदलतो: पुढे ढकलणे. उर्दूत आपण 'मुल्तवी करना' म्हणतो. मराठीनेही तोच शब्द 'मुलतवी' म्हणून आपलासा केला आहे.

रोजची वाक्ये पाहू. 'द मीटिंग वॉज पुट ऑफ टिल मंडे', म्हणजे सभा सोमवारपर्यंत पुढे ढकलली. 'डोन्ट पुट ऑफ पेइंग द बिल', म्हणजे बिल भरणे लांबणीवर टाकू नका. येथे मुले 'पुट ऑफ टू पे' लिहितात. ते चूक आहे. पुढचे क्रियापद 'पेइंग', 'गोइंग', 'रायटिंग' असेच यायला हवे. 'इट' हा शब्द मधेच बसतो: 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' होत नाही. भूतकाळातही 'पुट'चा 'पुट'च राहतो. दिवा किंवा पंखा बंद करायलाही आपल्याकडे 'पुट ऑफ' म्हणतात. तिथे 'स्विच ऑफ' म्हणावे, म्हणजे गोंधळ होत नाही.

मोठा गोंधळ होतो तो 'कॉल ऑफ'शी. 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणे, उर्दूत मन्सूख. मॅच 'पुट ऑफ' झाली तर ती अजून व्हायची आहे. 'कॉल ऑफ' झाली तर विषय संपला. वर्गात आम्ही एक खूण सांगतो: 'पुट ऑफ'च्या पुढे 'टिल', म्हणजे 'अमक्या दिवसापर्यंत', जोडता येते. 'कॉल ऑफ'च्या पुढे ते जोडता येत नाही.

आपल्याला हा फरक नवा नाही. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा पुढे ठेवायची सवलत सूरह बकरात आहे, पण तेवढेच दिवस नंतर पूर्ण करायलाही तिथेच सांगितले आहे. रोजा 'पुट ऑफ' झाला, 'कॉल ऑफ' नव्हे. म्हणूनच आपल्या घरातल्या बायका कजा रोजे बोटांवर मोजून लक्षात ठेवतात. निकाहनाम्यात 'नंतर द्यायचा' म्हणून लिहिलेल्या मेहरचेही तेच. तो पुढे ढकललेला असतो, माफ झालेला नसतो.

दहावीच्या निकालानंतरची गोष्ट. एक विद्यार्थिनी आईबरोबर दाखला न्यायला आली. गुण चांगले होते. अकरावीचे विचारले, तर आई म्हणाली, "मॅडम, इस साल रहने दो. अगले साल देखेंगे." वडिलांचे काम सुटले होते आणि थोरल्या मुलाची फी आधी भरायची होती. मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, माय अ‍ॅडमिशन इज पुट ऑफ."

व्याकरण अगदी बरोबर होते. आम्ही विचारले, "टिल?"

मुलीने आईकडे पाहिले. आई खाली पाहू लागली. हिच्या मोठ्या बहिणीचेही 'अगले साल' आम्ही याच खोलीत ऐकले होते. त्या घरात 'शिक्षण बंद' असे कोणी कधी म्हटले नाही. कोणाच्या मनात वाईटही नव्हते. पण तारीख ठरलीच नाही आणि वर्षे निघून गेली.

आम्ही आईशी वाद घातला नाही. फक्त म्हटले, "यंदा जमत नाही, हे समजते. पण महिना सांगा. कागदपत्रे एका पिशवीत ठेवा. फीसाठी महिन्याला थोडेथोडे बाजूला काढा. रोज कॉलेजला पाठवणे जमणार नसेल, तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसता येते. त्याची चौकशी आम्ही करतो."

"इसके अब्बा से पूछके बताती," एवढे म्हणून ती गेली. दोन दिवसांनी वडील स्वतः आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "पुढच्या जूनमध्ये, मॅडम. लिहून घ्या." आम्ही त्यांच्यासमोरच कॅलेंडरच्या शेवटच्या पानावर लिहून घेतले. तो जून अजून यायचा आहे. दर महिन्याला ती मुलगी एकदा शाळेत डोकावून जाते.

आता तुमचा सराव. तुमच्या घरात पुढे ढकललेली तीन कामे आठवा: डोळ्यांची तपासणी, कोणाची उसनवारी, कोणाचा प्रवेश, काहीही. प्रत्येकावर 'पुट ऑफ'चे एक वाक्य मुलांकडून वहीत लिहून घ्या. मग प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'टिल' लिहून पुढची जागा मोकळी सोडा आणि ती घरातल्या मोठ्यांना भरायला सांगा.

पुढच्या महिन्यात 'लुक आफ्टर' पाहू, इन्शाअल्लाह.