आठवीतल्या मुलीला काय काम द्यायचं?



गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारच्या वेळी केंद्रात आम्ही दोघीतिघीच होतो. आठवीची परीक्षा दिलेली एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. "ताई, मला काहीतरी काम करायचंय. पैसे नकोत," म्हणाली. तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांची आम्हाला सवय, काम मागायला आलेल्या तेरा वर्षांच्या मुलीची नाही. तिला पाकिटांवर पत्ते चिकटवायला बसवलं. दोन दिवस तिने ते निमूटपणे केलं. तिसऱ्या दिवशी बैठक होती, तेव्हा चहाचा ट्रे तिच्याच हातात गेला. तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणी थांबवलंही नाही. चौथ्या दिवशी ती आली नाही.

घरकामाच्या वाटणीवर वर्षानुवर्षं बोलणाऱ्या आपल्याच केंद्रात हे घडलं, म्हणून ते इथे लिहिणं भाग आहे.

ही मुलगी आणखी कुठे जाऊ शकली असती? राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. पण ती महाविद्यालयांची आणि अकरावी-बारावीची. शाळेत गाईडचं पथक असलं तर असलं. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांमधून चळवळीत आलेल्या कितीतरी जणी आपल्याला माहीत आहेत, पण आज चालणारी शाखा हाकेच्या अंतरावर असणं हा नशिबाचा भाग. बहुतेक संस्था 'अठरा पूर्ण झाल्यावर ये' म्हणतात. त्यांची भीती अगदीच खोटी नाही. परक्या मुलीची जबाबदारी कोणी घ्यायची?

याच वयाच्या मुलाला मात्र असा प्रश्न पडत नाही. तो गणपती मंडळात आपोआप शिरतो. वर्गणी मागत दारोदार फिरतो, मांडव घालतो, रात्री जागतो. चार लोकांशी बोलायचं कसं, हिशेब ठेवायचा कसा, हे तिथेच शिकतो. त्याच मांडवात मुलगी रांगोळी काढते आणि आरतीनंतर घरी जाते.

आता तुमच्यातली एखादी म्हणेल, मुलींना आणखी फुकट काम कशाला? घरात ते काय कमी आहे? आक्षेप बरोबर आहे. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. त्या पाहणीत सहा वर्षांपासूनच्या मुलीही मोजल्या होत्या. सेवा, त्याग हे शब्द आपल्या गळ्यात पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले आहेत. पण ती मुलगी सेवा करायला आली नव्हती. घर आणि शाळा सोडून तिसरी एखादी जागा तिला हवी होती, जिथे ती कोणाची मुलगी किंवा बहीण म्हणून येणार नव्हती. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे यांचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, तेव्हा त्या जेमतेम चौदा वर्षांच्या होत्या. त्यांना कोणी पाकिटं चिकटवायला दिली नव्हती.

मग काम कोणतं? एक तर असं आहे, जे तुम्हाआम्हाला करताच येणार नाही. दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या अंध मुलीला लेखनिक लागते आणि ती तिच्यापेक्षा खालच्या इयत्तेतली असावी लागते. शिक्षिका चालत नाही, पदवीधर मावशी चालत नाही. आठवी-नववीतली मुलगीच हवी. सांगितलं जाईल तेच लिहायचं, मनाचा एक शब्द घालायचा नाही. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. शाळेमार्फत परवानगी आधी काढावी लागते, त्यामुळे लेखनिकेचा शोध दिवाळीआधी लागला पाहिजे. ऐन फेब्रुवारीत धावपळ करणारे पालक दरवर्षी दिसतात. आणि काम मागणाऱ्या मुली मे महिन्यात आमच्या दारात!

त्याखेरीज गावच्या वाचनालयात शनिवारी लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवणं आहे. शिकायचं राहून गेलेल्या आजीला एसटीची पाटी वाचायला शिकवणं आहे. आपल्या वस्तीत शाळा सोडलेल्या मुली किती आणि कोणत्या इयत्तेत सोडली, ही नोंद तर त्या आपल्यापेक्षा चांगली करतील. मैत्रिणी मैत्रिणींना खरं सांगतात.

आमच्यापुरतं आम्ही काही ठरवलं आहे. मुलीच्या घरी आमच्यातली एक जण आधी जाऊन येईल. मुली जोडीने येतील, दिवेलागणीच्या आत घरी पोचतील, बसभाडं केंद्र देईल. कोणतीही मुलगी कोणा मोठ्या माणसाबरोबर एकटी राहणार नाही, मग तो माणूस चळवळीतला कितीही जुना असो. हे शेवटचं लिहिण्यावरून बैठकीत बराच वाद झाला. लिहायचंच असं ठरलं. दहावीचं वर्ष आलं की तिने विनासंकोच थांबावं. आणि बैठकीचा चहा पाळीपाळीने आम्ही करू.

त्या मुलीच्या घरी आम्ही जूनमध्ये जाऊन आलो. आई आधी दारातच बोलत होती, मग आत बसवलं. मुलगी म्हणाली, "पाकिटं असतील तर मी येणार नाही." या शनिवारी ती येणार आहे. तुमच्या भागात लेखनिक हव्या असतील, तर शाळेचं नाव आणि विषय आम्हाला पत्राने कळवा.

— संपादक मंडळ