कुलूप तबकडीला की यंत्राला?

वाचकहो, आपल्या घरी जुना संगणक आणि फ्लॉपी तबकड्यांचा डबा जपून ठेवलेला असेल, तर एक अनुभव आपणांस येण्याचा संभव आहे. तबकडीवर काही लिहू जावे, तो ‘लेखनास मनाई’ अशा अर्थाची सूचना पडद्यावर उमटते. आणि कुलूप तर आपण घातलेलेच नसते!

रायपूर जिल्ह्यातील अभनपुर येथे पूर्वी नॅरो गेज रेल्वेचे दोन फाटे फुटत. एक धमतरीस जाई, दुसरा राजिमला. आपल्या शोधासही असेच दोन फाटे आहेत. प्रथम दुसरी तबकडी घालून पाहावी. तीही बंद भासली, तर दोष बहुधा यंत्रात. नाही तर तबकडीत.

साडेतीन इंची तबकडीच्या कोपऱ्यातील सरकपट्टीचे छिद्र उघडे असले म्हणजे लेखन बंद. पट्टी अर्धवट सरकली असेल, तर पूर्ण सरकवावी. गळून पडली असेल, तर दुसऱ्या तबकडीशी ताडून तेच छिद्र अपारदर्शक चिकटपट्टीने झाकावे. सव्वापाच इंची तबकडीचा नियम उलटा: खाच झाकली की लेखन बंद. म्हणून तेथे प्रकाश ओळखणाऱ्या भागावर धूळ बसली, तरी यंत्र फसते. वीज बंद करून मऊ कुंचल्याने ती झाडावी.

तथापि घाई नको. हे कुलूप लेखनाला असते, वाचनाला नव्हे. वडिलांची जुनी पत्रे हवी असतील, तर तबकडी बंद असतानाच ती आधी संगणकात उतरवून घ्यावीत. तोवर ते कुलूप त्या पत्रांचे राखणदारच होय.