आधी काढलेली मूठ

नाताळाच्या आधीच्या आठवड्यात कपाटे आवरण्याचा आमच्या घरी परिपाठ आहे. काही वर्षांपूर्वी अशीच आवराआवर चालली असता मी एक विटलेली, कडेला उसवलेली रजई बाजूला काढली आणि ‘कुणा गरिबाला होईल’ असे सहज म्हणून गेले. सासूबाई जवळच बसल्या होत्या. त्यांनी रजई उजेडाकडे धरली आणि विचारले, “अगं, पाहुणे आले तर ही त्यांना पांघरायला देशील का?” मी निरुत्तर झाले. ज्याला मी दान समजत होते, ती अडगळीची विल्हेवाट होती.

मार्काच्या शुभवर्तमानातील विधवेची गोष्ट आपल्यापैकी अनेकींना ठाऊक असेल. मंदिराच्या दानपात्रात धनवान पुष्कळ टाकीत होते. तिने दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक किमतीची दोन नाणी टाकली. प्रभू येशूने तिचेच दान सर्वांहून मोठे ठरविले. धनवानांच्या ताटात त्या दिवशी काही उणे झाले नाही. तिच्या ताटात झाले. दानाचे माप दिलेल्या रकमेवर नव्हे, मागे काय राहिले यावर ठरते.

यावर संसारी स्त्री म्हणेल, ‘ठरावीक पगारात भाडे, औषधपाणी, मुलांचे शिक्षण, यातून द्यायचे तरी काय?’ प्रश्न रास्त आहे. करिंथच्या मंडळीला लिहिताना पौलानेही दुसऱ्याचा भार हलका करण्यासाठी स्वतः पिचून जा असे सांगितलेले नाही. ज्याच्याजवळ जे आहे त्या मानाने त्याने द्यावे, एवढेच त्याचे म्हणणे.

त्या मानाने देणे म्हणजे काय, हे मिझोरममधील ख्रिस्ती गृहिणींनी दाखवून दिले आहे. 1910 पासून तेथे एक प्रथा चालत आली आहे. स्वयंपाकासाठी तांदूळ काढले की शिजविण्यापूर्वीच त्यातला मूठभर वेगळ्या भांड्यात ठेवायचा. मंडळीतील स्त्रिया घरोघर जाऊन तो गोळा करतात, मग तो विकून आलेला पैसा मंडळीच्या कार्याला लागतो. मुठीमुठीने जमलेली ही रक्कम आज कोट्यवधी रुपयांची होते. मला यात दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. मूठ आधी निघते. जेवण झाल्यावर उरले तर पाहू, असा हिशेब तेथे नाही. आणि सर्वांचे तांदूळ एकत्र झाल्यावर कोणाची मूठ कोणती हे सांगता येत नाही. त्यामुळे देणाऱ्याला मिरवता येत नाही, घेणाऱ्यालाही कुणा एकापुढे मान लववावी लागत नाही.

उरण्याची वाट न पाहता देणारी एक स्त्री आपल्या मराठी समाजातही होऊन गेली. पंडिता रमाबाईंचे आईवडील 1874 मध्ये दुष्काळाच्या हालअपेष्टांत गेले. उपासमार म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांच्या शारदा सदनाला अमेरिकेतील मित्रांनी दहा वर्षांसाठी दिलेले मदतीचे वचन तेव्हा संपत आले होते. हात आखडता घ्यायला याहून सबळ कारण कोणते हवे? पण बाईंनी केडगावला शेकडो मुलींचा संसार मांडला. पुढे 1899-1900 चा, गुजरातेत ‘छप्पनियो’ म्हणून ओळखला जाणारा, दुष्काळ पडला तेव्हा आपल्या या गुजरातेतूनही शेकडो मुली तेथे गेल्या. त्यांना तेथे नुसते अन्न मिळाले नाही. अक्षरओळख, शेती, विणकाम, छापखान्याचे काम असे शिक्षणही मिळाले. घेणाऱ्या हाताला उद्या देता यावे, ही त्यामागची दृष्टी होती.

आपणा सर्वांना केडगाव उभारता येणार नाही. परंतु तांदळाच्या डब्याशेजारी एक लहान डबा ठेवता येईल. तांदूळ नको तर पगाराच्या दिवशी, वाण्याचे बिल चुकविण्याआधी, काही रक्कम वेगळी काढता येईल. ती किती असावी हे घरातल्या सर्वांनी, मुलांनीसुद्धा, बसून ठरवावे. एकाने उदार व्हायचे आणि दुसरीने मुकाट्याने ओढाताण सोसायची, याला वाटून घेणे म्हणता येत नाही. शिवाय ते ज्याला द्यायचे, त्याची गरज आधी त्यालाच विचारावी.

त्या रजईचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतला, अभ्रा बदलला, आणि ती आमच्याच पलंगावर आली. त्या थंडीसाठी आणलेली नवी रजई सासूबाईंनी घडी करून स्वतः नेऊन दिली. कोणाला, ते त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही.