"गाडी विकली का जी?" : साखर, सायकल आणि आपले निवांत रस्ते



मधुमेहाच्या रुग्णाला मी व्यायाम सांगतो, तेव्हा अर्जुनी मोरगाव परिसरात हमखास मिळणारे उत्तर असे : "डॉक्टरसाहेब, इथं जिम कुठं आहे जी?" मी म्हणतो, सायकल चालवा. त्यावर थोडे हसून दुसरे उत्तर येते : "सायकल चालवली तर लोक विचारतील, गाडी विकली का जी?"

या दुसऱ्या उत्तराबद्दल आज लिहायचे आहे. माझ्या मते आपल्याकडे व्यायामाला जागा कमी नाही, लाज जास्त आहे. आणि ही लाज तब्येतीला महाग पडते.

पंचवीस वर्षांपूर्वीचे आठवा. बाजाराला सायकल, शेतावर सायकल, शाळेत सायकल. व्यायाम हा शब्दही न उच्चारता रोजचा तासभर व्यायाम होत होता. आता पानठेल्यावर जायलाही मोटरसायकल लागते. ताटातला भात मात्र तेवढाच राहिला. खाणे तेच आणि हालचाल कमी, तर रक्तातली साखर जाणार कुठे?

सायकलने नेमके काय होते?

आपल्या मांड्यांचे स्नायू हे साखरेचे मोठे गिऱ्हाईक आहेत. ते काम करू लागले की रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी इन्सुलिनवर फारसे अवलंबून राहत नाहीत. व्यायाम संपल्यावरही साधारण एक दिवस शरीर इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देते. म्हणून आठवड्यातून एकदा दमछाक करण्यापेक्षा रोज थोडी सायकल बरी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे अर्धा तास, पाच दिवस.

गुडघे दुखणाऱ्यांना चालण्यापेक्षा सायकल अनेकदा सोपी जाते, कारण अंगाचे वजन सीटवर असते. मात्र आपल्याकडे एक चूक सर्रास दिसते. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट अगदी खाली ठेवतात. त्याने गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीवर ताण येतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सर्वात खाली असताना पाय जवळपास सरळ झाला, तर सीट योग्य उंचीवर आहे.

रस्ता कोणता घ्यावा?

आपल्याकडे घाट नाहीत. पण धानाच्या बांध्या, बोड्या, तलाव आणि मध्येच उठणाऱ्या छोट्या टेकड्या आहेत. छोटा चढ आला की ठोके वाढतात, उतारावर दम परत येतो. शहरातले लोक हेच जिममध्ये पैसे देऊन यंत्रावर करतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी कोहमारा-नवेगावबांध-अर्जुनी-वडसा हा मोठा रस्ता टाळावा. तिथे ट्रक आणि बस वेगात असतात. पहिला महिना गावांना जोडणाऱ्या, बांध्यांमधून जाणाऱ्या सपाट रस्त्यावर काढा. पंधरा मिनिटांपासून सुरू करा आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवा.

दम बसला की गोठणगाव, प्रतापगड, इटियाडोह धरणाकडचे चढ-उतार घ्या. चढावर शेजाऱ्याशी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत जोर पुरे. बोलताही येत नसेल तर उतरून सायकल हाताने न्या. त्यात कमीपणा नाही. चढावर श्वास रोखून जोर लावू नका, त्याने रक्तदाब एकदम वाढतो. महाशिवरात्रीच्या यात्रेत मात्र प्रतापगडचा रस्ता सोडा, तेव्हा तो निवांत नसतो.

जंगलाचे भान ठेवा

आपण नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी राहतो. "पहाटे उठून फिरा" हा शहरी सल्ला जंगलाच्या रस्त्याला लागू नाही. पहाट आणि संध्याकाळ ही वाघ, बिबट, अस्वलाची फिरण्याची वेळ. मोहफुले पडतात त्या दिवसांत अस्वल झाडाखाली असू शकते. म्हणून झाडीच्या रस्त्यावर ऊन पडल्यावरच जा, दोघे-तिघे मिळून जा, बोलत जा आणि कानात गाणी लावू नका. राखीव जंगलातल्या वाटांवर वन विभागाच्या परवानगीशिवाय शिरू नका.

उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत घरी परता आणि ती फेरी गावाजवळच ठेवा. धान निघायच्या दिवसांत अंधारात मागचा दिवा नसलेले ट्रॅक्टर असतात आणि रस्त्यावर धान वाळत घातलेले असते, त्यावर चाक घसरते. हेल्मेट घाला, मागे लाल दिवा लावा.

यांनी आधी डॉक्टरांना विचारावे

- छातीत दुखणे, चालताना धाप लागणे किंवा हृदयविकार असलेले.
- इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारे. यांची साखर वाटेत उतरू शकते. खिशात साखर किंवा ग्लुकोज हवे. हात थरथरले, घाम फुटला की लगेच थांबा आणि खा.
- मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला त्रास झालेले.
- पाय बधिर झालेले. यांनी चपलेऐवजी बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळवे तपासावेत.
- सिकलसेलचे रुग्ण. यांना पाणी कमी पडणे आणि अतिश्रम दोन्ही बाधतात. दुखण्याचा झटका येऊ शकतो. वाहक असलेल्यांनीही उन्हात जोर करू नये, पाणी भरपूर प्यावे.

आणि सायकल सुरू केली म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. साखर कमी होऊ लागली की डोस आम्ही कमी करू.

माझे मत

गावोगावी ओपन जिम बसतात. वर्षभरात त्यांना गंज चढतो आणि लहान मुले झोके घेतात. माझे म्हणणे असे, की तेवढ्याच पैशात गावरस्त्याच्या कडेला मुरूम टाकून साइडपट्टी भरून घेतली तर जास्त लोकांचे भले होईल. सध्या डांबराची कड वीतभर उंच आणि खाली खड्डा. मागून गाडी आली की सायकलवाल्याने उतरायचे कुठे? पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडा. ही आरोग्याचीच मागणी आहे.

मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकली मिळतात. त्या मुली याच रस्त्यांवरून शाळेत जातात. साइडपट्टी झाली तर ती त्यांच्याही उपयोगाची. आणि वडीलधारी माणसेच सायकलला कमी लेखू लागली, तर उद्या शाळा सुटल्यावर ती मुलगीही सायकल सोडेल आणि आणखी वीस वर्षांनी साखरेची चिठ्ठी घेऊन आमच्यासमोर बसेल.

म्हणून घरामागे उभी असलेली जुनी सायकल बाहेर काढा. टायर-ट्यूब बघा, ब्रेक घट्ट करून घ्या, चेनला तेल द्या. आणि कोणी विचारलेच, "गाडी विकली का जी?" तर सांगा, "नाही जी, गाडी घरीच आहे. साखर विकायला काढली आहे."