चावी दिली, पण विमा कुणाचा?

मंडळी, गणपती जवळ आले की आपल्या महाड-पोलादपुरात एक वाक्य घराघरात ऐकू येतं. "दादा, चावी दे ना, जरा जाऊन येतो." हे "जरा" कधी बिरवाडीपर्यंत असतं, कधी आंबेनळी चढून महाबळेश्वरपर्यंत, कधी कशेडी ओलांडून थेट खेडपर्यंत. गाडी मेहुण्याची, चालवणारा भाचा, मागे बसलेली आत्या. आपल्याकडे गाडी एकाच्या नावावर असते, पण ती अख्ख्या घराची असते. यात वावगं काहीच नाही. फक्त विम्याचा कागद घर ओळखत नाही, तो नाव ओळखतो.

आमच्याच घरचं सांगतो. आमची गाडी थोरल्या भावाच्या नावावर आहे. दादा डोंबिवलीला, गाडी महाडला, चालवतो मी. कर्ज त्याच्या नावावर झालं, कारण त्याच्याकडे पगाराची स्लिप होती. तालुक्याच्या पत्रकाराला कोण कर्ज देतो! दरवर्षी दादा पॉलिसी भरतो आणि पीडीएफ मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. सहा वर्षं मी ती उघडूनही पाहिली नव्हती. गेल्या पावसाळ्यात कशेडी घाटात समोरून आलेल्या ट्रकला चुकवताना गाडी कठड्याला घासली. मला खरचटलंही नाही. पण त्या रात्री झोप येईना, म्हणून पॉलिसी उघडली.

आधी चांगलं ते सांगतो, कारण याबाबत लोकांत उगाच भीती आहे. "तुझं नाव पॉलिसीत नाही, मग काहीच मिळणार नाही," असं अनेक जण सांगतात. ते चूक आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत चालकाचं नाव लिहिलेलं नसतं. मालकाच्या परवानगीने आणि वैध लायसन असलेल्या कुणीही गाडी चालवली तरी चालतं. अशा वेळी धडक बसलेल्या तिसऱ्या माणसाची भरपाई विमा कंपनी देते. पॅकेज पॉलिसी असेल तर गाडीचं नुकसानही भरून मिळतं. मात्र तो क्लेम दादाच्या खात्यावर पडतो आणि त्याचा ५० टक्क्यांपर्यंत साठलेला नो क्लेम बोनस जातो. भाच्याने बंपर फोडला की मामाचा हप्ता वाढतो, तो असा.

आता वाईट. पॉलिसीत एक ओळ असते, "ओनर-ड्रायव्हर वैयक्तिक अपघात विमा, १५ लाख रुपये." विमा नियामकाने २०१८ मध्ये ही रक्कम १५ लाख केली. त्याआधी दुचाकीला १ लाख आणि चारचाकीला २ लाख होती. हप्ता तेव्हा वर्षाला ७५० रुपये ठरला होता. पण ही रक्कम मिळायला तीन अटी आहेत. चालवणारा माणूस गाडीचा नोंदणीकृत मालक हवा, पॉलिसी त्याच्याच नावावर हवी आणि त्याच्याकडे वैध लायसन हवं. म्हणजे आमच्या गाडीचे १५ लाख दादाचे. आणि दादा गाडी चालवतो वर्षातून चार दिवस, गणपतीत. बाकी ३६१ दिवस स्टेअरिंगवर मी. माझ्याच चुकीने गाडी दरीत गेली, तर माझ्या बायकोला त्या ओळीतून एक रुपया मिळणार नाही.

"मग कोर्टात जाऊ," असं म्हणाल. लोक गेलेत. कर्नाटकात एक माणूस दुसऱ्याची मोटरसायकल मागून घेऊन इलकलहून गावी निघाला होता. इलकल म्हणजे आपल्या आज्या नेसायच्या त्या इरकली लुगड्यांचं गाव. वाटेत बैलगाडीला धडकून तो गेला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, मागून घेतलेली गाडी चालवणारा हा मालकाच्या जागी उभा असतो. मालक स्वतःच्याच गाडीच्या विमा कंपनीकडे तिसरा माणूस म्हणून भरपाई मागू शकत नाही, त्यामुळे कलम १६३-अ खाली त्यालाही ती मिळणार नाही. जानेवारी २०२० मध्ये राजस्थानच्या एका प्रकरणात न्यायालयाने हेच तत्त्व लावलं. तिथे चूक समोरच्या मोटरसायकलवाल्याची होती, असं कुटुंबाचंच म्हणणं होतं. पण दावा केला तो मागून घेतलेल्या गाडीच्या मालकावर आणि तिच्या विमा कंपनीवर. हातात पडले पॉलिसीतल्या वैयक्तिक अपघात विम्याचे १ लाख आणि व्याज. त्यातून एवढं लक्षात ठेवा: चूक समोरच्याची असेल तर दावा समोरच्या गाडीवर करायचा. तिथे तुमची गाडी मागून आणलेली होती की स्वतःची, याने अडत नाही.

हे सगळं वाचताना मला पोलादपूर तालुक्यातलं एक घर आठवलं. काही वर्षांपूर्वी बातमीसाठी गेलो होतो. वडिलांची गाडी घेऊन मुलगा एकटाच निघाला होता, वळणावर गाडी खाली गेली. दुसरी गाडीच नव्हती. दिवसकार्य झालं होतं. वडिलांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून पॉलिसी काढून माझ्यापुढे धरली. "तुम्ही शिकलेले आहात. हे १५ लाख लिहिलंय ना इथे? आम्हालाच ना?" मी ओळ पाहिली आणि म्हणालो, "हो काका, मिळतील." पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस मी, इंग्रजी वाचता येतं मला. पण अटी मी वाचल्या नव्हत्या. ते पैसे मिळाले नाहीत. त्या काकांना आशा मी लावली होती. ही पोस्ट लिहायला मला उशीर झालाय, हे कबूल करतो.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. हा १५ लाखांचा विमा नावाला नाही, स्टेअरिंगच्या सीटला जोडा. परवानगीने, वैध लायसन घेऊन जो चालवत असेल त्याला तो लागू करा. कंपन्या म्हणतील की हप्ता एकाच माणसाचा धरलेला आहे. पण एका वेळी स्टेअरिंगवर बसणारा माणूसही एकच असतो ना? गाडी जास्त फिरेल, जोखीम थोडी वाढेल, हे मान्य. मग हप्ता थोडा वाढवा, लोक देतील. पण जो माणूस गाडी चालवतच नाही त्याच्या नावाने दरवर्षी पैसे घ्यायचे आणि जो चालवतो त्याला उघड्यावर ठेवायचं, हा कुठला न्याय? आणि पॉलिसीसोबत एक पान मराठीत द्या. कुणाला मिळेल, कुणाला नाही, एवढंच लिहा.

नियम बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपण काय करायचं?

एक, दुसऱ्याच्या नावावरची गाडी नेहमी चालवत असाल, तर स्वतःच्या नावाने वेगळा अपघात विमा काढा. तेही जमत नसेल तर निदान बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरा. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, वय १८ ते ७०. आज भरा.

दोन, चावी देण्याआधी लायसन बघा, मग तो सख्खा भाचा का असेना. लायसन नसेल तर जखमीला पैसे देऊन कंपनी ते मालकाकडून वसूल करू शकते. आणि मुलगा अठराच्या आतला असेल तर कायद्याने पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे. शिवाय गाडीची नोंदणी १२ महिने रद्द.

तीन, गाडीला नुसती थर्ड पार्टी आहे की पॅकेज, ते विचारा. नुसत्या थर्ड पार्टीत खासगी गाडीत बसलेल्या पाहुण्यांना संरक्षण नसतं. आणि २०२१ च्या पुरात गाडी बुडालेल्यांना वेगळं सांगायला नको, थर्ड पार्टीत पाण्यात गेलेल्या गाडीचेही पैसे मिळत नाहीत.

चार, वडील जाऊन वर्ष झालं तरी गाडी त्यांच्याच नावावर, असं आपल्याकडे सर्रास आहे. मालक गेल्यावर पॉलिसी जास्तीत जास्त तीन महिने चालते. त्याआधी मुदत संपली तर तेवढीच. पेणच्या आरटीओत एक फेरी मारा.

मी काय केलं? स्वतःच्या नावाने अपघात विमा काढला. दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "अरे, मला वाटायचं तो तुझाच आहे." सहा वर्षं दोघांनाही तसंच वाटत होतं.

आज रात्री जेवण झाल्यावर घरातली पॉलिसी काढा आणि ती एक ओळ वाचा. नाव कुणाचं आहे आणि चालवतो कोण? उत्तर वेगवेगळं असेल तर ही पोस्ट त्या चालवणाऱ्याला पाठवा.