दप्तरात मावणारा संगणक

गेल्या पंधरवड्यात जनवाड्याच्या बसथांब्यावर एका पालकांनी मला गाठले. "सर, पोरगी बी.कॉम.ला बीदरला जाते. लॅपटॉप पाहिजे म्हणते. बारका, हलका एक पंधरा हजारांच्या आत मिळतोय. घेऊ का?" सोयाबीनची पट्टी नुकतीच हातात आली होती. अशा पैशाचा सल्ला घाईने देऊ नये, म्हणून दोन दिवस मागून घेतले. तोच विचार आज वाचकांपुढे मांडतो.

हलक्या, स्वस्त लॅपटॉपची कल्पना नवी नाही. २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट येथील लहानशा शाळेत मुलांच्या हाती 'एक्सओ' लॅपटॉप आले. 'शंभर डॉलरचा लॅपटॉप' म्हणून गाजलेले ते यंत्र प्रत्यक्षात शंभर डॉलरमध्ये बसले नाही. पण त्याचा पडदा भर उन्हातही वाचता येई. त्याच वर्षी असूस कंपनीचा 'ई पीसी' आला. सात इंची पडदा, किलोपेक्षा कमी वजन आणि साठवण अवघी चार जीबी. कळा इतक्या लहान की मोठ्या माणसाचे बोट एकीवर ठेवावे तर दोन दाबल्या जात! पुढे टॅब्लेट आणि मोठे मोबाइल आले नि ही यंत्रे मागे पडली.

तीच कल्पना २०२३ मध्ये 'जिओबुक'च्या रूपाने पुन्हा आली. ११.६ इंची पडदा, वजन ९९० ग्रॅम, चार जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, आत ४जी सिमची सोय. बाजारात आला तेव्हा किंमत १६,४९९ रुपये.

अशा यंत्रांचे गुण आपल्याकडे लगेच पटतात. शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून मुलींचा एस.टी.चा प्रवास फुकट झाला, पण उभ्याने जाताना खांद्यावरचे अडीच किलो जाणवतातच. वीज कमी लागते, त्यामुळे लाईट गेली तरी अभ्यास अडत नाही. निबंध लिहिणे, व्याख्याने पाहणे, अर्ज भरणे एवढे काम ते निभावून नेते.

आता दोष पाहू. जिओबुकची प्रणाली अँड्रॉइडवर बेतलेली आहे. विंडोजसाठी बनलेली टॅली किंवा डीटीपीवाल्यांची श्रीलिपी त्यावर बसत नाही. अशा बहुतेक यंत्रांत रॅम पक्की जोडलेली असते, पुढे वाढवता येत नाही. आज पुरणारे यंत्र तीन वर्षांनी रडायला लागते, आणि दुरुस्तीला दिले तर खर्च किमतीच्या जवळ जातो. स्वस्त यंत्रावर विंडोज असले, तरी चार जीबीत ते रखडतच चालते.

मग करावे काय? आधी अभ्यासक्रम पाहावा, मग किंमत. बी.ए.च्या मुलाला हलके यंत्र चालेल. बी.कॉम. आणि बी.सी.ए.च्या मुलांनी निदान आठ जीबी रॅमचे, विंडोज चालणारे यंत्र पाहावे. नवे परवडत नसेल तर कंपन्यांतून निघालेले जुने, बिल आणि हमीसह मिळत असेल तर वाईट नाही; मात्र ते जड असते आणि बॅटरी बदलण्याचा खर्च धरूनच चालावे.

सीमाभागातल्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट. यंत्र कोणतेही घ्या, इनस्क्रिप्ट टंकलेखन शिकून घ्या. ज्या कळीवर मराठी 'क' उमटतो, त्याच कळीवर कन्नड 'क'ही उमटतो. एकदा बोटे बसली की दोन्ही भाषा हाती येतात, आणि त्याला वेगळा पैसा लागत नाही.

दोन दिवसांनी त्या पालकांना एवढे सगळे सांगितले. "म्हणजे बारका घेऊ नको म्हणता," ते थोडे हिरमुसून म्हणाले. मी म्हटले, "टॅली शिकायची असेल तर नको. पण दुकानात एकटे जाऊ नका. पोरीला सोबत न्या, तिला एक पान टाइप करून पाहू द्या. वापरायचा तिला आहे."

एवढे मात्र त्यांच्या लक्षातच आले नव्हते.