पहिल्या वेतनाची बोलणी : संकोच कशासाठी?

अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या तरुणाला सॉफ्टवेअर क्षेत्रातील पहिली नोकरी देऊ केली जाते, तेव्हा आपल्या मध्यमवर्गीय घरांतून बहुधा एकच उपदेश होतो : 'मिळते आहे ते घे, पैशाचे बोलू नकोस.' नम्रता हा सद्गुण खराच. परंतु श्रमाचे मोल विचारणे म्हणजे लोभ नव्हे. गवंडी आणि सुतारही कामाला हात लावण्यापूर्वी मजुरी ठरवतात. मग सुशिक्षितानेच संकोच का करावा? मोठ्या सेवा-कंपन्यांतील नवपदवीधरांचे किमान पॅकेज दशकाहून अधिक काळ साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळले आहे. महागाई मात्र थांबलेली नाही.

प्रथम आकडा समजून घ्यावा. वार्षिक ३ लाख ६० हजार म्हणजे दरमहा ३० हजार हाती, हा भ्रम आहे. समजा, मूळ वेतन १५ हजार असून पॅकेजचा दहावा हिस्सा कामगिरीवर अवलंबून आहे. मग ते ३ हजार, भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचे १,८०० व कर्मचाऱ्याचे १,८००, ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२० आणि व्यवसायकराचे २०० रुपये वजा होऊन हाती साडेबावीस हजारच उरतात. निधीतील पैसा आपलाच असतो, हे खरे. परंतु हिंजवडीतील खोलीचे भाडे त्यातून भागत नाही.

दुसरे, बोलणी कोठे होऊ शकतात हे ओळखावे. मोठ्या कंपन्यांत श्रेणीनुसार वेतन ठरलेले असते. 'टीसीएस'मध्ये निन्जा, डिजिटल आणि प्राइम अशा श्रेणी आहेत. पहिल्या दोहोंतच जवळपास दुपटीचे अंतर आहे. तेथील खरी बोलणी परीक्षेपूर्वीच्या अभ्यासातच होतात. लहान कंपन्यांत मात्र अवश्य विचारावे. आधार घ्यावा तो स्वतः उभारलेल्या कामाचा, घरच्या अडचणीचा नव्हे. दुसऱ्या कंपनीचे पत्र असेल तर सांगावे. नसलेले पत्र असल्याचे भासवणे सर्वथा वर्ज्य. रक्कम वाढत नसेल, तर निश्चित वेतनाचा वाटा आणि सहा महिन्यांनी फेरआढावा यांविषयी बोलावे. जे ठरेल ते लेखी घ्यावे.

तिसरे, बंधपत्र वाचल्याविना सही करू नये. 'बाँडला न्यायालयात किंमत नसते' ही समजूत घातक आहे. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. बँक सार्वजनिक क्षेत्रातील होती आणि प्रत्येक करार वेगळा असतो, हे मान्य. पण म्हणूनच मुदत, रक्कम आणि नोटिसीचा काळ आधी विचारावा.

पुढील नोकरीचे वेतन पुष्कळदा मागील वेतनावरून ठरते. आरंभीची उणीव अशी वर्षानुवर्षे सोबत चालते. म्हणून पालकांनी मुलांना गप्प बसवू नये. नियुक्तिपत्र घेऊन त्यांच्यासह बसावे आणि प्रत्येक कलम वाचावे. शांतपणे, सत्य सांगून, हिशेबाने आपले मोल मागणे हाही सुसंस्कारच आहे.